पायाखालचा डबा

“मोरबा, मी पुण्याला गेल्यापासून विमानात कुठं कुठं हात लावलास?” दांडेकरसाहेबांनी विचारलं.

“कुठंच नाही, साहेब.”

“नीट आठव.”

“छताचं अस्तर बसवलं. बाकी काही नाही.”

“मग तसं लिही.”

त्यांनी वही पुढे केली. शाळकरी पोरांची असते तसली दोनशे पानी वही, तिच्या पुठ्ठ्याला भोक पाडून सुतळीने शिसपेन्सिल बांधलेली. साहेबांचा नियम होता. उड्डाणाआधी ज्यानं त्यानं आपण कशाला हात लावला ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि खाली नाव घालायचं. मी लिहिलं, ‘अस्तर बसवलं. बाकी काही नाही. मोरेश्वर विठोबा पांचाळ.’ अक्षर वाकडंतिकडं आलं. जानेवारीतली सकाळ होती, तेव्हा थंडीचं निमित्त आयतंच होतं.

“गारठलास की काय?” मुजावर म्हणाला. “अजून वर जायचंय. तिथं तर बर्फच हाय म्हणे.”

“मग तूच का बसत नाहीस?”

“मी वायरी जोडतो बाबा. बसायचं काम लाकूड जोडणाऱ्याचं.”

हाही साहेबांचाच नियम. ज्यानं जोडलं त्यानं पहिल्या लांबच्या उड्डाणाला शेजारी बसायचं. त्याशिवाय माणूस मन लावून सांध्याला सरस लावत नाही, असं ते म्हणत.

दांडेकरसाहेब हवाई दलातून निवृत्त होऊन मिरजेला परतलेले. नकाशे मागवून दोन माणसांचं लाकडी विमान स्वतः बांधायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. साखर कारखान्याच्या मालकीची एक धावपट्टी होती, वर्षातून चार वेळा कुणी मंत्री उतरायचा तेवढीच वापरात. तिच्या कडेची शेड कारखान्यानं त्यांना दिली. मी मिरजेत हार्मोनियम बांधणारा. पातळ फळी कशी वाकवायची, सांधा हवाबंद कसा करायचा हे माझं रोजचं काम, म्हणून साहेब माझ्या दुकानात आले ते सहा वर्षं येतच राहिले. हुसेन मुजावरचं बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान. तो विमानाच्या कानांसाठी आला.

कान म्हणजे एरिअल. साहेबांनी आम्हांला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. “पत्र्याच्या विमानाला कान बाहेर काढावे लागतात. लाकडातून रेडिओची लहर आरपार जाते, तेव्हा आपले कान आत झाकून ठेवता येतात. वारा अडत नाही आणि दिसायलाही नीट.” शेपटीच्या उभ्या पंखाच्या आत मी तांब्याच्या पट्ट्या चिकटवल्या, पेटीत सुरांच्या पट्ट्या बसवाव्यात तशा, केसभरही न हलवता. पाठीच्या आतून एक लांब तार ओढली. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो डबा. लष्कराच्या भंगारातून साहेबांनी मिळवलेला, पितळी पानाच्या डब्याएवढा. तो डबा रेडिओ केंद्र कुठल्या दिशेला आहे ते ओळखायचा आणि साहेबांच्या समोरच्या तबकडीवरची सुई त्या दिशेला वळवायचा. सुई वर असली तर केंद्र समोर, उजवीकडे असली तर केंद्र उजवीकडे. सांगलीचं रेडिओ केंद्र लावलं की झालं, ढगात हरवलेला माणूस घरी येतो.

डबा बसायचा होता जमिनीच्या फळीखाली, पायलटच्या बुटांच्या बरोबर खाली. मुजावरनं त्याच्या चार वायरी त्याच हिशेबानं जोडल्या आणि एका गुरुवारी सकाळी आम्ही तिघांनी विमानाची शेपूट उचलून ते माळावर गोल फिरवलं. विमान फिरलं तरी सुई सांगलीवरून हलली नाही.

“कुठंबी तोंड करा,” मुजावर खुशीत म्हणाला, “नमाजाच्या दिशेगत हिचा किबला एकच.”

त्यानं कानाला लावायचं यंत्र माझ्या कानावर चढवलं. आत कीर्तन चाललं होतं. दर गुरुवारी सकाळी केंद्रावर कीर्तन असे, आणि त्या दिवशी अच्युतबुवा बोरगावकर उभे होते. माझे बुवा. अकरा वर्षं मी त्यांच्या मागे पेटीवर बसलेलो. कीर्तनाला बसलो की माझी भूक, तहान, देणी-घेणी सगळी मांडवाबाहेर राहायची. आख्यान भरतभेटीचं होतं. बुवा म्हणत होते, “अरे, वहाण म्हणजे काय? पायाखालची वस्तू. पण भरतानं ती डोक्यावर घेतली. जी रामाची, ती पायाखाली राहील कशी?”

मी कानावरचं काढलं आणि पाहिलं. साहेब आत बसलेले, आणि त्यांचे दोन्ही बूट त्या डब्यावर.

कुणाला हसू येईल. पण आमच्या घरात वाद्याला पाय लागला तर सहा वर्षांचं पोरही वाकून नमस्कार करतं. पेटी ओलांडून कुणी जात नाही. ज्या डब्यातून बुवांचा आवाज माझ्यापर्यंत आला, तो आता आयुष्यभर बुटांखाली राहणार, आणि तो तिथं झाकणारी फळी मीच ठोकणार. दोन दिवस जेवण गोड लागेना.

साहेबांना सांगावं असं वाटलं होतं. पण साहेबांचा देव त्यांच्या देवघरात. विमानात देव आणायचा नाही, हे मी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हळद-कुंकू लावताना त्यांनी मला एकदा हसत हसत ऐकवलं होतं. ते हसणं मला पुन्हा नको होतं.

मग साहेब परवानगीच्या कागदांसाठी पुण्याला गेले, मुजावर बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेला, आणि भरदुपारी शेडमध्ये मी एकटा उरलो. फळी उचलली. डबा काढला. वायरी लांब होत्या, सहज पुरल्या. डोक्यामागे छताला एक आडवी पट्टी होती, तिला तो टांगला. डब्याला स्क्रूची भोकं बुडालाच होती, त्यामुळे तो उलटा टांगावा लागला, वटवाघळासारखा. त्याचं पुढचं तोंड मात्र मी पुढेच ठेवलं. एवढी अक्कल मला होती. मग यंत्र चालू करून पाहिलं. विमानाचं नाक सांगलीकडे होतं, सुई सरळ वर. एकट्यानं शेपूट ओढून विमान नेमकं उलटं फिरवलं, सुई सरळ खाली. बरोबर होतं. वरून अस्तर मारलं, खाली फळी ठोकली, हात जोडले आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

आणि आता वहीत लिहिलं होतं, ‘बाकी काही नाही.’

साहेबांनी इंजिन सुरू केलं. मुजावरनं चाकांखालच्या विटा काढल्या, त्याच्या हातातला बोलायचा रेडिओ उंचावून दाखवला. त्या रेडिओची धाव फार तर चार-पाच मैलांची. धावपट्टीचं तोंड पश्चिमेला, थेट सांगली केंद्राच्या मनोऱ्याकडे होतं. जमीन सुटली तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सुई सरळ वर होती. मनोरा पायाखालून गेला तशी ती डौलात फिरून सरळ खाली आली.

“बघ,” साहेब ओरडले. इंजिनाच्या आवाजात ओरडावंच लागायचं. “कशी ऐकतेय.”

कानात बुवांचा आवाज होता. त्या दिवशीही गुरुवार, आणि आख्यान गजेंद्रमोक्षाचं.

साहेब रंगात आले होते. त्यांनी मला वरून नदी दाखवली. तिच्या वळणावळणानं विमान फिरवलं, एका देवळाला तर मी हात जोडतो म्हणून दोन प्रदक्षिणा घातल्या. विमानात देव नको म्हणणारा माणूस, पण माझ्यासाठी घातल्या. आम्ही वारणेच्या खोऱ्यात बरेच आत गेलो. उसाचे फड, गुऱ्हाळांचे धूर. मग मुजावरचा आवाज खरखरत आला. इतक्या लांब तो कसा पोचला देव जाणे, आणि नंतर पुन्हा पोचलाही नाही.

“साहेब... धुकं... नदीतनं वर यायलंय... पट्टी दिसेना...”

साहेबांनी मान वळवून मागे पाहिलं. मीही पाहिलं. पूर्वेला जमीनच नव्हती. सूर्य उगवला की हिवाळ्यात नदी श्वास सोडते तसं ते धुकं उठलं होतं आणि पिंजलेल्या कापसासारखं सगळ्या खोऱ्यावर पसरत होतं. बघता बघता ते आमच्याही खाली आलं. वर निळं आकाश, लखलखीत ऊन, आणि खाली एकसारखं पांढरं. ना रस्ता, ना नदी, ना झाड.

“आपण कुठं आहोत, साहेब?”

“सुई सांगेल,” ते म्हणाले.

सुई उजवीकडे होती. थोडीच, घड्याळात एक वाजल्यासारखी. साहेबांनी विमान उजवीकडे वळवलं. सुई वर यायला हवी होती. ती आणखी उजवीकडे गेली, दोनवर.

साहेबांनी तबकडीवर बोटानं टिचकी मारली. आणखी वळवलं. सुई तीनवर गेली.

“पळतेय कशी ही?” ते स्वतःशीच बोलले.

त्यांनी विमान सरळ केलं, थोडं थांबले, पुन्हा उजवीकडे. सुई चार, सुई पाच. आम्ही तिच्या मागे लागलो की ती पुढे सरकायची. आता ती जवळजवळ खाली, शेपटीकडे झुकली होती. म्हणजे ज्याला शोधतोय ते आमच्या पाठीमागे.

“होकायंत्र आहे ना, साहेब?”

“आहे. पण ते उत्तर कुठं ते सांगतं. आपण कुठं आहोत ते नाही सांगत. नदीबरोबर फिरलो, देवळाला फेऱ्या मारल्या, वारा किती लोटून घेऊन गेला कोण जाणे. दक्षिणेला डोंगर आहे, मध्ये विजेचे मोठे मनोरे आहेत.” मग थोड्या वेळानं, “माझीच चूक. फिरत बसलो.”

त्यांनी असं म्हटल्यावर मला भीतीची पहिली खरी कळ आली. तोवर मी घाबरलो होतो ते उंचीला. आता कळलं की उंचीत काही वाईट नाही, खाली येण्यात आहे.

समोरच्या काचेपुढे इंधनाची टाकी होती. तिच्या झाकणातून एक तार वर आलेली. आत बुचाचा तरंगता गोळा, इंधन कमी होईल तशी तार खाली बुडायची. निघताना ती वीतभर उंच होती. आता चार बोटं उरली होती.

कानात बुवा सांगत होते की मगरीनं पाय धरला, गजेंद्र ओढतोय, मगर ओढतेय. मागे झांजा, आणि पेटीवर माझ्याऐवजी दुसराच कोणी. माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली. सुरांवर बोटं गेली की डोकं शांत होतं, हा माझा जन्माचा अनुभव. त्या दिवशी ते शांत झालं आणि मला सुई दिसली.

साहेब उजवीकडे वळले की सुई उजवीकडे पळते. समोर आरसा ठेवून दाढी करताना वस्तरा जसा नेमका भलत्या बाजूला जातो, तसं. वर बरोबर. खाली बरोबर. चुकतंय ते फक्त डावं-उजवं.

उलटं टांगलेलं वटवाघूळ. तोंड पुढेच, पण डावा हात उजवीकडे.

डोक्यामागे, अस्तराच्या आड, माझ्यापासून हातभरावर तो डबा होता. मला तो पाठीला टोचतोय असं वाटलं. मी एकट्यानं पाहिलं होतं ते नाक सांगलीकडे करून आणि शेपूट सांगलीकडे करून. बाजूला फिरवून पाहिलंच नव्हतं.

बोलायचं होतं. तोंड उघडलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला मरणापेक्षा ती वही दिसली. ‘बाकी काही नाही.’ सहा वर्षं ज्या माणसानं मला एका ताटात जेवायला घातलं, त्याच्या डोळ्यांत बघून मी ते म्हटलं होतं. शिवाय मनात चोर होता. कदाचित यंत्रच बिघडलं असेल. कदाचित साहेब अंदाजानं उतरतील, उतरून कुणालाच काही कळणार नाही, दुपारी येऊन मी डबा गुपचूप खाली लावीन.

“वेडी झालीय ही,” साहेब म्हणाले. “मुजावरनं काहीतरी ढिलं ठेवलं.” त्यांनी यंत्राच्या खटक्याकडे हात नेला. “बंद करतो. पूर्वेला वीस मिनिटं जाऊ आणि मग हळूहळू खाली उतरू. धुक्याच्या तळाशी शेत लागलं तर उतरता येईल.”

“आणि शेत नाही लागलं तर?”

माझ्या कमरेचा पट्टा त्यांनी एका हातानं ओढून घट्ट केला. आईनं लेकराची टोपी बांधावी तसा. मला अजून तो ओढा आठवतो.

कानात बुवा थांबले होते. झांजाही थांबल्या. मग ते अगदी हळू, एखाद्याला बाजूला घेऊन सांगावं तसं म्हणाले, “हजार वर्षं झगडला. मग हाक मारली. पहिल्याच दिवशी का नाही मारली? अरे, पाय मगरीनं धरला होता. तोंड कुणी धरलं होतं?”

खटका बंद झाला. आवाज गेला.

“साहेब,” मी म्हणालो, “चालू करा.”

“उपयोग नाही, मोरबा.”

“मुजावरची चूक नाही. डबा खाली नाही.”

“काय?”

“डबा पायाखाली नाही. मी काढला. वर छताला टांगलाय, उलटा. सुई उलटी नाही, साहेब, बाजू उलटी आहे. डावीकडे वळा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ नजरा पाहिल्या, पण त्या नजरेखाली जितका लहान झालो तितका कधी झालो नाही. पाहिलं फार तर दोन श्वास. मग त्यांनी खटका दाबला.

“सुई कुठं आहे?”

“पाचवर. उजवीकडे, खाली.”

“म्हणजे खरं केंद्र डावीकडे, मागे. मी डावीकडे वळतो. तू तिच्यावरून नजर काढू नकोस. बोलत राहा.”

विमान डाव्या कुशीवर झुकलं. “चार,” मी म्हणालो. “तीन. साहेब, वर येतेय. दोन.” मी बोट तबकडीवर टेकवलं. “एक. वर. वर आली, साहेब. सरळ वर.”

त्यांनी विमान सरळ केलं. सुई किंचित उजवीकडे ढळली तर ते डावीकडे दाबायचे, डावीकडे ढळली तर उजवीकडे. पंचवीस वर्षांच्या सवयीविरुद्ध, प्रत्येक वेळी, दात आवळून. मी त्यांच्या मनगटाची शीर पाहत होतो. तार दोन बोटांवर आली होती. खरखर हळूहळू कमी झाली आणि बुवांचा आवाज खणखणीत झाला, आपण मांडवाच्या मागच्या रांगेतून पुढे पुढे सरकावं तसा. पण मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मी फक्त “वर, वर, वर” म्हणत होतो, जप केल्यासारखा.

मग सुई थरथरली आणि फिरून खाली आली. मनोरा आमच्या पायाखालून गेला होता. दिसला काहीच नाही. नुसतं पांढरं.

साहेबांनी होकायंत्रावर पूर्व धरली. “आता इथून पट्टी पाच मिनिटं. घड्याळ बघ.”

पाच मिनिटं मी घड्याळ पाहिलं. त्यातल्या चौथ्या मिनिटाला धुक्यातून एक काळसर बोट वर आलेलं दिसलं. बोटाच्या टोकाला धूर. कारखान्याची चिमणी. गाळपाचे दिवस होते, ती रात्रंदिवस पेटलेली असायची. त्या चिमणीच्या धुराला गावातल्या बायका वाळवण काळं करते म्हणून शिव्या घालत. मी तिला मनोमन दंडवत घातला.

पण चिमणी म्हणजे पट्टी नव्हे. पट्टी त्या पांढऱ्याच्या तळाशी होती. साहेब चिमणीभोवती गोल फिरत राहिले. इंजिन अगदी मंद ठेवून. एक फेरी, दुसरी. तार एका बोटावर. मी मोजायचं सोडून दिलं. साहेब एक शब्द बोलत नव्हते आणि मला तेच जास्त लागत होतं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“साहेब, काहीतरी बोला.”

“धुकं बघ.”

सहाव्या की सातव्या फेरीला धुक्याला एक फट पडली. फटीतून वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा दिसला, भगवा-पांढरा, ओला होऊन लोंबकळणारा. मग पट्टीचा काळा तुकडा. तार झाकणाला टेकली होती.

“धर घट्ट,” साहेब म्हणाले.

आम्ही त्या फटीत शिरलो. काचेवर पाणी, बाजूला काहीच नाही, मग एकदम ज्वारीची कणसं चाकांखालून धावताना दिसली, मग डांबर. विमान आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. लाकूड कण्हलं. माझे सांधे होते ते, सगळे टिकले. पट्टीच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि आपणहून बंद पडलं.

शांतता एवढी होती की धुक्यातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मुजावर धावत येत होता. त्याच्या पायांत एकच चप्पल होती.

“अल्लाची मेहेर,” तो म्हणाला, आणि मग, “किती वेळ ओरडलो मी, बॅटरी संपेपर्यंत. ऐकू येत नव्हतं का दोघांना?”

मी खाली उतरलो. तिथंच डांबरावर बसलो. साहेब सावकाश उतरले, मागे गेले, खिशातला चाकू काढला आणि माझं अस्तर एका रेघेत फाडलं. डबा तिथं उलटा लटकत होता.

“का काढलास, मोरबा?”

मी सांगितलं. बुवांचा आवाज, भरताच्या पादुका, त्यांचे बूट, सगळं. सांगताना मला स्वतःलाच ते फार लहान वाटायला लागलं. मुजावर हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. “आमच्याबी घरात किताब उंचावर ठेवतात,” एवढंच म्हणाला.

“मला विचारलं का नाहीस?” साहेब म्हणाले.

“तुम्ही हसला असता.”

“हसलो असतो.” त्यांनी चाकू मिटला. “हसून मग मुजावरला सांगितलं असतं. मुजावर, डबा वर लावला तर काय करावं लागतं?”

“काय नाय. दोन वायरींची अदलाबदल. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांचं काम. ते ऐकून मला रडू फुटलं ते थांबेना. साहेबांनी मला रडू दिलं. मग शेडमध्ये जाऊन वही घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी खाडाखोड करायला पेन्सिल उचलली.

“खोडायचं नाही,” ते म्हणाले. “खाली लिही.”

मी लिहिलं, ‘डबा मी वर उलटा टांगला. विचारलं नाही. विचारलं तेव्हा खोटं बोललो. मो. वि. पांचाळ.’

आता ते मला जा म्हणतील, असं धरून मी वही परत दिली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या ओळीखाली उभ्यानंच काहीतरी लिहिलं. वही मुजावरकडे दिली. मुजावरनं मोठ्यानं वाचलं, “‘तोंडी विचारलं. फळी उचलून पाहिलं नाही. देवळाला दोन फेऱ्या घातल्या. उमाकांत दांडेकर.’” मग तो गोंधळला. “आणि मी काय लिहू? मी तर लग्नाला गेलेलो.”

“तेच लिही,” साहेब म्हणाले.

त्यानंही लिहिलं. मग त्यानं डब्याच्या दोन वायरी बदलल्या. डबा वरच राहिला. आम्ही तिघांनी शेपूट उचलून विमान गोल फिरवलं, एकदा नाही, तीनदा. सुई सांगलीवरून हलली नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा उडायचं ठरलं. मी येईन की नाही याची मुजावरला शंका होती. मी आलो. थंडी होती, पण आभाळ साफ होतं. साहेब आत बसले, मी शेजारी बसलो, आणि त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

“मोरबा, कुठं कुठं हात लावलास?”

मी सांगायला लागलो. उजव्या चाकाचा खिळा मी परवा चाचपून पाहिला. अस्तर नवीन बसवलं, त्याला अकरा चुका मारल्या, त्यातली एक वाकडी गेली, ती काढून दुसरी मारली. काच पुसली, धोतराच्या सोग्यानं पुसली. पंख्याला लांबून नमस्कार केला, हात लावला नाही. शेडचं दार उघडताना शेपटीला खांदा लागला असावा, नक्की सांगता येत नाही.

ऊन वर आलं. मुजावरनं हातातल्या विटा खाली ठेवल्या आणि त्यांच्यावर बसून बिडी पेटवली. माझं सांगणं संपेना. साहेबांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.